शब्द मागच्या रांगेपर्यंत पोहोचतो का?

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक काढले आणि त्याला ‘मूकनायक’ हे नाव दिले. ज्यांना कोणी बोलू देत नव्हते, त्यांचा तो आवाज होता. आज आपल्या विहारांत माईक आहेत, स्पीकर आहेत. आवाजाची वाण नाही. पण बोललेला शब्द मागे बसलेल्या माणसाला समजतो का, हे फारसे कोणी तपासत नाही.

आमच्या अमरावतीच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज सायंकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. सिमेंटच्या भिंती, खाली गुळगुळीत फरशी, वर टिनपत्रे. मागे बसणाऱ्या एक आजीबाई एकदा म्हणाल्या, “आवाज तं लय येते बाप्पा, पन शब्द काही समजत नाई.” समितीच्या बैठकीत लगेच सूचना आली, मोठे स्पीकर घ्या. दुकानदारानेही तेच सांगितले. वर्गणीचा हिशेब माझ्याकडे असतो. तिच्यात धुणीभांडी करणाऱ्या माउलीची दहाची नोटही असते. ती खर्च करण्याआधी दुखणे कोणते ते कळले पाहिजे, असा आग्रह मी धरला.

अकोल्याचा माझा भाचा इंजिनिअरिंग शिकतो. तो म्हणाला, “मामा, आवाज कमी नाही, हॉल घुमतो. आवाज वाढवाल तर घुमणंही वाढेल. आधी मोजून पाहा.”

हे दुखणे नवे नाही. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या व्याख्यानगृहात शिकवलेले कोणाला समजेना. एकदा उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने ऑर्गनची नळी, वेळ मोजण्याचे साधन आणि स्वतःचे कान एवढ्यावर शोध घेतला. दुसऱ्या सभागृहातल्या गाद्या आणून मांडल्या की घुमणे कमी होते, हे त्याने मोजून सिद्ध केले.

आता मोजायला वेगळा माईक मिळतो. गाण्याचा माईक या कामाचा नाही. तो समोरचा आवाज जास्त घेतो आणि गळा उठून दिसावा म्हणून काही स्वर मुद्दाम उचलतो. मोजण्याचा माईक सर्व बाजूंनी सारखे ऐकतो आणि स्वतःचे काही मिसळत नाही. मोबाईलमधला माईक बोलण्यासाठी बनवलेला असतो, शिवाय प्रत्येक हँडसेटचा वेगळा. त्याचा आकडा पुरावा म्हणून धरू नये.

निवड करताना मी एकच गोष्ट मुख्य मानली. दुकानातल्या काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का असतो, तसा या माईकला तपासणीचा दाखला हवा. कोणत्या स्वराला तो किती कमी-जास्त दाखवतो, याची ती फाईल असते. बेहरिंगरच्या ईसीएम ८००० या माईकबरोबर प्रत्येक नगाची अशी वेगळी फाईल येत नाही. शिवाय त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा देणारे यंत्र लागते. मिनीडीएसपीचा युमिक-१ थेट लॅपटॉपला लागतो आणि त्याच्या नंबरानुसार फाईल मिळते. आम्ही वर्गणीला हात न लावता, मामा-भाच्याने मिळून तो घेतला. ‘रूम ईक्यू विझार्ड’ हा संगणकाचा प्रोग्राम फुकट मिळतो.

पहिला प्रयोग घरीच केला. आमची खोली दहा बाय दहाची. वामनदादांची गाणी लावली की खर्जाचा आवाज नुसता धुमत असे. दहा फुटांवरच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झचा स्वर अडकून फुगतो, हे गणिताने निघते. पडद्यावर नेमका तिथेच उंचवटा दिसला. स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढला, तो उतरला. एक पैसा लागला नाही.

मग विहारात पंखे बंद केले. जमिनीवर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला माईक स्टँडवर लावला. हातात धरला नाही. पुढे, मध्ये, मागे अशा जागा मोजल्या. मागे आवाज पुरेसा होता, फक्त तो लवकर विरत नव्हता. घुमणे इक्वलायझरची बटणे फिरवून जात नाही. त्याला मऊ वस्तू लागतात. घराघरांतून सतरंज्या आल्या, मागच्या भिंतीला जाड पडदे लागले. स्पीकर खाली घेऊन बसणाऱ्यांकडे वळवले आणि आवाज आधीपेक्षा कमी ठेवला. पुन्हा मोजले तेव्हा रेषा लवकर खाली आली. मोठ्या स्पीकरची सूचना समितीने मागे घेतली. आता वाचन संपल्यावर आजीबाई प्रश्न विचारतात. आमची खरी मोजणी तीच.

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले होते की, कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. हे दुकानदाराच्या सल्ल्यालाही लागू आहे. एक माईक चार वस्त्यांना पुरतो. मोठ्या स्पीकरसाठी वर्गणीची पावती फाडण्याआधी, बंधू-भगिनींनो, विहारातल्या सर्वांत मागच्या सतरंजीवर एकदा जाऊन बसा.

जय भीम!