हवा किती?

मुलांनो, गाडीच्या चाकात हवा किती भरावी, हा काय लिहिण्यासारखा विषय आहे, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. पण मागच्या पावसाळ्यात माझ्या लेकीचा गुडघा फुटला आणि तुमच्या या गुरुजींचे डोळे उघडले.

त्याचं असं झालं. सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर मोटोजीपी झाली. तेव्हापासून मला मोटारसायकलींच्या शर्यती बघायचा नाद लागला. शर्यतवाले टायरमध्ये हवा कमी ठेवतात, त्यामुळं पकड चांगली मिळते, असं कुठंतरी ऐकलं. शिरोळचा पाऊस, रस्त्यावर ट्रॅक्टरनं आणलेला चिखल! म्हटलं, आपणही करून बघू. मागच्या चाकातली हवा 20 पौंडांवर आणली आणि लेकीला मागं बसवून नरसोबाच्या वाडीला निघालो. वळणावर मागचं चाक असं डुललं, की आम्ही दोघंही आडवे! वेग कमी होता, डोक्यावर हेल्मेट होतं, म्हणून गुडघ्यावरच निभावलं.

पंक्चरवाल्या मामांनी हवा मोजली आणि कपाळावर हात मारला. "सर, गाडीवर काय लिवलंय ते वाचलं न्हाई व्हय?"

खरंच, स्टिकर होतं! मागच्या चाकात एकट्याला 28, दोघांना 41. हवा कमी आणि ओझं जास्त झालं, की टायरच्या बाजू दबतात, गाडी वळणावर डुलते आणि टायर तापतो.

मग शर्यतवाले कमी हवा का ठेवतात? घरी येऊन शोधलं. त्यांचे टायर शर्यतीआधी विजेच्या गोधडीत गुंडाळून तापवतात, बरं का! पुढं भन्नाट वेगानं ते आणखी तापतात. हवा तापली की दाब वाढतो. तो वाढून नेमका हवा तेवढा व्हावा, म्हणून सुरुवातीला हिशेबानं कमी ठेवतात. तिथंही फार कमी चालत नाही. मोटोजीपीत 2023 पासून दाब ठरलेल्या मर्यादेखाली गेला तर शिक्षा होते. त्यांचं 'कमी' मोजूनमापून होतं, माझं ऐकीव!

आपल्या रस्त्यावर कंपनीनं सांगितलेला आकडाच खरा. तो सकाळी, टायर थंड असताना बघायचा. गाडी पळवून आल्यावर दोन-तीन पौंड जास्त दिसले, तर घाबरून हवा सोडायची नाही. आणि टायरवर कोरलेला मोठा आकडा म्हणजे जास्तीत जास्त किती, तो रोजचा नव्हे.

ही गोष्ट वर्गात सांगितली, तर एक पोरगं उठून म्हणालं, "सर, आम्हाला प्रश्न नीट वाचा म्हणता, आणि तुम्ही स्टिकर वाचलं नाही?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. काय करणार?

आता कुठं जायचं असलं, की लेक आधी मीटर लावते. "एक्केचाळीस!" असं ती ओरडली, की मगच मी किक मारतो.