उसाच्या बेटावरून चंदगडास

पोर्ट लुई, मॉरिशस

तीर्थरूप आप्पांस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

येथे सुखरूप पोहोचलो. १८३४ पासून ज्या धक्क्यावर हिंदुस्थानातून आणलेले गिरमिटिया मजूर उतरविले जात, तो आप्रवासी घाट आज सकाळीच पाहून घेतला. मुंबई बंदरातून जहाजावर चढलेली आपल्या कोकणपट्टीतील माणसेही अशीच या बेटावर आली, आणि त्यांच्या पणतवंडांच्या घरांत आता बहुधा क्रिओल बोलली जात असली, तरी गणेशचतुर्थीची सुटी येथे साऱ्या राष्ट्राला मिळते. शहराविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. बंदर, पेढ्या, गर्दी आणि उकाडा.

आपल्याकडील माणसाला प्रथम जाणवतो तो कौलांचा अभाव. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौले आणि मिरगाआधीची शाकारणीची धांदल यांत ज्याचे बालपण गेले, त्याला गावेच्या गावे सपाट सिमेंटच्या छपराखाली बसलेली आणि त्या छपरांवर पुढच्या मजल्याच्या आशेने उभ्या ठेवलेल्या गंजक्या सळया पाहून, या लोकांना घर सुरेख असावे असे वाटतच नाही की काय, अशी शंका येते. तिचे निरसन पुढील पत्री.

कास्काव्हेल

तीर्थरूप आप्पांस साष्टांग नमस्कार.

हे बेटाच्या पश्चिम अंगाचे, जुन्या मराठी वस्तीचे गाव. मजुरांनी उसासाठी जमीन मोकळी करताना वेचून रचलेले काळ्या दगडांचे ढीग शेतांतून अजून दिसतात. येथील एका वृद्ध गृहस्थांनी नातवाला दुभाषा करून मला १९६० सालची हकीकत सांगितली. त्या जानेवारीत आलिक्स नावाचे चक्रीवादळ येऊन गेलेच होते. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच २७ आणि २८ फेब्रुवारीस कॅरॉल आले, ज्याच्या झोतांचा वेग ताशी २५६ किलोमीटरपर्यंत नोंदला गेला. वादळाचा डोळा बेटावरून सरकत असता काही तास वारा अगदी पडला, संकट टळले असे समजून लोक उडालेले पत्रे गोळा करावयास बाहेर आले, आणि मग तोच वारा उलट दिशेने परतला. माणसे ४२ गेली. परंतु लाकूड, पेंढा आणि पत्रे यांची घरे हजारोंनी भुईसपाट झाली, आणि शाळाही त्यातून सुटल्या नाहीत.

त्यानंतर सरकारने मध्यवर्ती गृहनिर्माण संस्था स्थापून वसाहती उभारल्या, आणि शाळा व घरे हळूहळू काँक्रिटची झाली. शाळेचे छप्पर येथे केवळ मुलांसाठी नसते. वादळाच्या इशाऱ्याची श्रेणी वाढू लागली की कच्च्या घरातल्या माणसांना शाळा आणि समाजमंदिर हाच आसरा. सळयांची कुरूपता मला आता तितकीशी खटकत नाही.

तथापि हेच छप्पर चंदगडास न्यावे असे कोणी म्हणेल तर मी त्याला विरोध करीन. यांचा वैरी वारा, आपला वैरी पाणी. सपाट छत आपल्या आषाढात किती दिवस गळल्यावाचून राहील, हे तुम्ही मुख्याध्यापक म्हणून मजहून अधिक जाणता. आणि पाण्यापुढे तर हे लोकही हतबल ठरले आहेत. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल वादळाच्या पावसाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. घरे उभीच होती, पण पाण्याला वाट नव्हती.

क्युरपाईप

चि. बापूस अनेक आशीर्वाद.

तू शाळा व्यवस्थापन समितीवर आहेस, म्हणून हे पत्र तुला. येथून नेण्याजोगे जे आहे ते छप्पर नव्हे, ती हिशेबाची रीत आहे. १९४६ साली, म्हणजे कॅरॉलच्या चौदा वर्षे आधी, या बेटाने चक्रीवादळ व अवर्षण यांविरुद्ध विम्याचा निधी कायद्याने उभा केला. तोच आज साखर विमा निधी मंडळ या नावाने चालतो. ऊस पिकविणारा लहान असो वा मोठा, आणि कारखानदारही, प्रत्येकाला हा विमा सक्तीचा आहे. आणि ज्याने वर्षानुवर्षे भरपाई मागितलेली नाही, त्याची प्रतवारी वर चढून त्याला मिळणाऱ्या अटी व लाभ सुधारतात. हलकर्णीच्या कारखान्याला ऊस घालणाऱ्या आपल्या लोकांना बिलातील कपात नवी नाही. कपात झालेला पैसा संकटाच्या वर्षी आपल्याच दारी हक्काने परत येतो, हा अनुभव मात्र नवा वाटेल.

उणीवही सांगतो. हा विमा उसाचा आहे, शाळेचा नाही. शाळांसाठी कॅरॉलनंतर सरकारी खजिन्याकडेच पाहावे लागले, आणि तो खजिना तेव्हा परकीय सत्तेचा होता, कारण स्वातंत्र्य १२ मार्च १९६८ चे. शिवाय उसाखालची जमीन घटत आहे. वर्गणी देणारेच कमी झाले तर निधीचे काय, हा प्रश्न येथील जाणत्यांना सतावतो.

आपल्याकडे काय होते ते तू २०१९ च्या ऑगस्टात पाहिलेसच. ताम्रपर्णी रणजित देसाईंच्या कोवाडात, थेट बाजारपेठेत शिरली. मग तलाठ्याचा पंचनामा, तहसील कचेरी, जिल्हा, मंत्रालय, आणि मंजुरी येईतो पुढचा पावसाळा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचे ७५ टक्के आणि राज्याचे २५ टक्के असतात. तो बहुतांशी संकट येऊन गेल्यावरचा पैसा. परंतु पंधराव्या वित्त आयोगाने राज्याच्या आपत्ती निधीच्या एकंदर रकमेचे प्रतिसादासाठी ८० आणि उरलेले २० असे दोन वाटे केले, आणि हे २० टक्के आपत्ती सौम्यीकरणासाठी, म्हणजे पाणी येण्याआधीच्या कामांसाठी, राखावेत असे सांगितले. त्यातून शाळेची जोती उंच करणे, ओढ्याकाठच्या खोल्या वर हलविणे, दप्तर आणि धान्य ठेवण्यास माळा बांधणे अशी कामे मागता येतील की नाही, हे गटविकास अधिकाऱ्यांस विचार. सभेत तोंडी विचारू नकोस. अर्ज लेखी दे, सोबत पूररेषेपासून शाळेचे अंतर आणि गेल्या पुरात भिंतीवर पाणी कुठवर चढले ते मोजून लिही, आणि आवक-शिक्क्यासह पोच घेऊन आप्पांच्या फायलीत लाव.

वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. येथील व्हॅनिला पाठवीत आहे. तिचे काय करावयाचे ते मलाही ठाऊक नाही.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.