उसनी वीज

उतरलेली बॅटरी आवाजावरून ओळखू येते. किल्ली फिरवली की बॉनेटखालून नेहमीची भरदार घरघर येत नाही. येते ती कोरडी, घाईघाईची कटकट. सेल्फला इंजिन फिरवायला काही क्षण शंभर-दोनशे अँपिअर प्रवाह लागतो. सोलेनॉइड हा सेल्फचा विद्युतचुंबकी खटका जोडला जातो, सेल्फ प्रवाह मागतो, त्या मागणीनेच बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो आणि सोलेनॉइड सुटतो. ओझे उतरताच व्होल्टेज सावरतो, सोलेनॉइड पुन्हा जोडला जातो. हे सारे सेकंदात कितीतरी वेळा घडते.

गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिसे आणि गंधकाम्ल यांची जी जोडी जमवली, तीच आजही बहुतेक गाड्यांच्या बॅटरीत नांदते. सहा सेल, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्ट; भरलेल्या बॅटरीची बेरीज १२.६. वीज खर्च होते तसे आम्लातले सल्फेट प्लेटांवर जाऊन बसते आणि आम्ल पाण्याकडे झुकते. बारा व्होल्टची म्हणून विकली जाणारी बॅटरी खरोखर बारा व्होल्ट दाखवू लागली, की तिच्यात जेमतेम पाव हिस्सा उरलेला असतो. प्लेटांवरचे सल्फेट ताजे असेपर्यंत चार्जिंगने परत विरघळते. बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच पडून राहिली तर त्याचे टणक स्फटिक होतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो.

पूर्वी घरातला विस्तव विझला की शेजारच्या चुलीतून निखारा आणत. जंपर केबल नेमके हेच काम करते. आधी उतरलेल्या बॅटरीचा प्लस, मग चांगल्या बॅटरीचा प्लस, मग चांगल्या बॅटरीचा मायनस. शेवटचा चिमटा मात्र उतरलेल्या बॅटरीवर न लावता तिच्यापासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूवर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच, आणि बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन साचलेला असू शकतो. इंजिन सुरू होते, केबल निघते, शेजारी निघून जातो. निखारा मिळाला, सरपण अजून ज्याचे त्यालाच आणायचे असते.

गाडीत बॅटरी हे केवळ कोठार नसते. इंजिनावर चालणाऱ्या अल्टरनेटरची वीज लाटांनी येते. त्या लाटा पोटात घेऊन पुढे संथ धार सोडणारा हौद म्हणजे बॅटरी. जंपनंतर गाडी धावत असते, पण हौद रिकामाच असतो. पुढच्या बऱ्याच तक्रारी इथूनच सुरू होतात.

पहिली तक्रार विस्मरणाची. घड्याळ शून्यावर जाते, म्युझिक सिस्टिम कोड मागते, एका दाबात वर जाणारी काच अर्ध्यावर थांबते, सिग्नलला उभे असताना इंजिन थरथरते. वापरातून शिकलेल्या बारीकसारीक सवयी संगणकाच्या पाटीवरून पुसल्या गेलेल्या असतात. काही दिवस चालवल्यावर इंजिन त्या पुन्हा शिकते. अनेक गाड्यांत काच पूर्ण बंद करून बटण काही सेकंद वर धरून ठेवले की काचेलाही आपली हद्द आठवते.

दुसरी तक्रार दिव्यांची. एबीएस, एअरबॅग, पॉवर स्टीअरिंग असे इशारे एकदम पेटतात आणि पाहणाऱ्याला गाडी सर्वांगाने आजारी वाटते. प्रत्यक्षात सेल्फ मारताना व्होल्टेज पडला, तेव्हा प्रत्येक यंत्रणेने आपापल्या वहीत नोंद केलेली असते. बॅटरी पूर्ण भरून मग त्या नोंदी पुसाव्यात. ज्या परत उमटतात, त्यांचाच विचार करावा. हा क्रम उलटला की धडधाकट सेन्सर बदलले जातात.

तिसरे दुखणे अल्टरनेटरचे. तो बॅटरीची रोजची झीज भरून काढण्यासाठी असतो, रिकामी बॅटरी उभी करण्यासाठी नव्हे. ते काम अंगावर पडले की तो पूर्ण ताकदीनिशी चालतो आणि तापतो. हेडलाइट, एसी चालू ठेवून गर्दीतून दोन-चार किलोमीटर फिरल्याने बॅटरी भरत नाही. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी चार्जरवर साडेतीन अँपिअरने रात्रभर भरणे तिच्याही हिताचे आणि अल्टरनेटरच्याही.

खरी इजा होते ती चुकीच्या जोडणीने. अल्टरनेटरमधले डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारी दारे. बॅटरी त्यांना बंद बाजूने टेकून उभी असते. प्लस-मायनसची अदलाबदल झाली की तीच दारे सताड उघडतात. नशीब असेल तर मुख्य फ्यूज उडतो, नसेल तर डायोड जळतात. ट्रकच्या २४ व्होल्टवरून कारला जंप देणेही असेच महागात पडते. चालू इंजिनावर बॅटरीची केबल काढून चार्जिंग तपासायची रीत डायनामोच्या काळात खपून गेली. अल्टरनेटर भरात असताना हौदच बाजूला केला, तर क्षणाच्या अंशापुरता शंभर व्होल्टच्या आसपास उसळू शकणारा लोंढा थेट संगणकांवर जातो.

एवढे निस्तरल्यावर मूळ प्रश्न उरतो: बॅटरी उतरलीच का? बंद गाडीतही अलार्म आणि स्मृती जाग्या असतात. त्यांचा खर्च ५० मिलिअँपिअर धरला तरी ३५ अँपिअर-तास सातशे तासांत, म्हणजे महिनाभरात संपतात. मार्च २०२० च्या टाळेबंदीत सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उभ्या राहिलेल्या गाड्यांनी हे गणित सोडवून दाखवले. कधी डिकीतला दिवा जळत राहतो, कधी बाहेरून बसवलेली एखादी वस्तू गुपचूप वीज पिते, तर कधी टर्मिनलवरची पांढरट-हिरवी बुरशी चार्जिंगच अडवते.

तपासणी चार आकड्यांत आटोपते. भरून काही तास विसावलेली बॅटरी १२.६ दाखवते, ती १०.५ वर अडली तर सहातला एक सेल गेला, कारण वजाबाकी नेमकी २.१ ची आहे. सेल्फ मारताना काटा साडेनऊच्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना तो साधारण १३.८ ते १४.५ मध्ये राहावा. कुलूप लावून गाडी निवली की तिचा खर्च ५० मिलिअँपिअरच्या आत यावा. चारही आकडे जुळले, तर घड्याळ लावण्यापलीकडे काही करायचे उरत नाही.