मोआबची वाट आणि आमच्या गाडीची स्टेपनी

मोआब हें नांव मूळचें बायबलांतील एका प्राचीन देशाचें. आम्ही ज्या मोआबाविषयीं लिहीत आहों, तें मात्र अमेरिकेच्या यूटा राज्यांत कोलोरॅडो नदीच्या कांठीं वसलेलें एक लहानसें गांव आहे. सॉल्ट लेक सिटी येथें पोटापाण्याच्या निमित्तानें आमचें बिऱ्हाड आहे; तेथून तें सुमारें 230 मैलांवर पडतें. गांवाच्या चोहोंकडे तांबड्या वालुकाश्माचे कडे उभे आहेत. 1952 सालीं चार्ली स्टीन नांवाच्या भूगर्भशास्त्रज्ञास या टापूंत युरेनियमचा मोठा सांठा सांपडला. त्या दशकांत युरेनियम शोधणारांच्या गाड्यांसाठीं ठिकठिकाणीं कडे फोडून रस्ते काढण्यांत आले. युरेनियमचे दिवस सरले, रस्ते राहिले. 1964 मध्यें येथील मोठा प्रदेश कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यांत आला, आणि आतां त्या रस्त्यांवर हौशी लोक आपापल्या जीपगाड्या घेऊन जातात.

अशांपैकीं व्हाइट रिम हा रस्ता सुमारें 100 मैलांचा. एका प्रचंड पठाराच्या माथ्यापासून हजार-बाराशें फूट उतरल्यावर पांढऱ्या वालुकाश्माचा एक थर जिन्याच्या पायरीसारखा बाहेर आला आहे. त्या पायरीवरून ही वाट जाते. एका अंगास तांबडा कडा, दुसऱ्या अंगास दरी. वाटेंत पिण्याचें पाणी नाहीं, पेट्रोल नाहीं, दुकान नाहीं. मोबाइलचा उपयोग बहुतेक ठिकाणीं होत नाहीं. गाडी बंद पडून ओढून आणण्याची पाळी आली तर खर्च हजार डॉलरांवर जातो, असें उद्यानाचे अधिकारी आधींच सांगून ठेवतात.

ही वाट पाहावी अशी इच्छा आमच्या वडिलांनीं धरली. घरांत आम्ही त्यांना अण्णा म्हणतों. त्यांची सारी नोकरी एस. टी. च्या कार्यशाळेंत गेली. वय 76, गुडघे कुरकुरणारे. पण रस्ता, घाट आणि गाडी यांविषयींचें कुतूहल तिळभरहि कमी झालेलें नाहीं. सप्टेंबरांत ते आमच्याकडे आले तेव्हांच, "आतां ही शेवटची खेप, पुन्हां एवढा विमानप्रवास मला झेपणार नाहीं," असें त्यांनीं सांगून टाकलें होतें. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यांत त्यांचें परतीचें विमान होतें.

सप्टेंबरच्या मध्यास आम्ही त्यांना घेऊन निघालों, आणि पहिल्याच दिवशीं फजीत पावून परत आलों. शेफर रस्ता म्हणून एक नागमोडी उतार आहे. पूर्वीं तेथून गुरें खालीं चरावयास नेत असत. त्या उतारावर गाडीच्या पाठीमागून करकर ऐकूं येऊं लागली. एखादा डबा वाजत असेल म्हणून आम्ही दुर्लक्ष केलें. खालीं पोंचल्यावर उतरून पाहतों तों मागच्या दाराचा पत्रा बिजागरीपाशीं वीतभर फाटलेला, आणि त्या दारावर लटकविलेली स्टेपनी एका अंगास झुकलेली! दार धड लागेना, धड उघडेना. शेवटीं स्टेपनी काढून ती आंत अण्णांच्या शेजारच्या आसनावर दोरखंडानें बांधली आणि आल्या वाटेनें वर चढलों. अण्णा वाटभर चाकाला हात टेकून बसले होते. ते एक अक्षर बोलले नाहींत. तेंच आम्हांस अधिक लागलें.

दोष गाडीचा नव्हता, आमचा होता. मूळच्या चाकाचें वजन सुमारें 35 किलो. खडकांवरून गाडीचें पोट घासूं नये म्हणून आम्हीं दोन वर्षांपूर्वीं 35 इंची टायर बसविले. तसलें एक चाक 50 किलोच्या आसपास भरतें. चार चाकें मोठीं केल्यावर पांचवेंहि तेवढेंच हवें, हें उघड आहे. परंतु तें ज्या दारावर टांगावयाचें, तें दार होतें तेंच राहिलें! प्रत्येक खड्ड्यासरशीं तें वजन बिजागऱ्यांना हिसका देई. दोन वर्षें पत्र्यानें सोसलें हेंच आश्चर्य.

येथें स्टेपनी या शब्दाविषयीं थोडें सांगण्याचा मोह होतो. आपल्याकडे रिक्षावाल्यापासून मोटारमालकापर्यंत सर्वांच्या तोंडीं असलेला हा शब्द अमेरिकन मनुष्यास मुळींच कळत नाहीं. वेल्समधील लानेली गांवच्या स्टेपनी नांवाच्या रस्त्यावर डेव्हिस बंधूंनीं 1904 च्या सुमारास मोटारींसाठीं जादा चाक तयार करून विकावयास आरंभ केला. त्या रस्त्याचें नांव चाकास लागलें, आणि तें आपल्या देशांत इतकें रुजलें कीं त्याचें मूळ कोणाच्या ध्यानींमनींहि नसतें. दुसऱ्या महायुद्धांतील जीपलाहि स्टेपनी पाठीवरच असे. मात्र तें चाक लहान होतें.

यावर उपाय एकच: चाकाचा भार दारावरून काढून चासीवर टाकणें. त्यासाठीं जाड पोलादी पत्र्याचा मागचा बंपर मिळतो. त्याच्या एका टोंकास उभा खुंट असून त्यावर एक बळकट बाहू फाटकासारखा फिरतो. स्टेपनी त्या बाहूवर बसते. आधीं बाहू उघडावयाचा, मग दार. (भारतांतील वाचकांनीं मात्र हें वाचून उतावीळ होऊं नये. गाड्यांना बाहेरून बसविलेल्या क्रॅश गार्डांविरुद्ध कारवाई करावी असें केंद्र सरकारनें 2017 च्या डिसेंबरांत राज्यांस कळविलें आहे. तेव्हां असें कांहीं करण्यापूर्वीं कायदा पाहावा.)

एका कार्यशाळेनें बसविण्याची मजुरी एवढी सांगितली कीं आमच्या सौभाग्यवतींनीं तत्क्षणीं, "आपणच बसवूं," असा निकाल दिला. दरम्यान ऑक्टोबरच्या अखेरीस कोणी तरी रद्द केलेला मुक्कामाचा परवाना आम्हांस मिळाला. हातांत एकच शनिवार-रविवार होता. फाटलेला पत्रा एका वेल्डरकडून आधींच सांधून घेतला होता.

शनिवारीं सकाळीं काम सुरू झालें. सौभाग्यवती सूचनापत्रक मोठ्यानें वाचीत, आम्ही गाडीखालीं उताणे पडून पाना चालवीत असूं, आणि अण्णा खुर्ची टाकून निघालेला प्रत्येक नट, बोल्ट व वायसर निरनिराळ्या वाट्यांत ठेवून त्यांचा हिशेब राखीत. जुना बंपर म्हणजे निव्वळ प्लॅस्टिक. परंतु ज्या बोल्टांनीं तो चासीस धरला होता ते गंजून एकजीव झाले होते. येथें हिंवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. तें गाडीच्या पोटास चिकटून लोखंड खातें.

अण्णांनीं आदल्या रात्रीं बोल्टांवर गंज सोडविणारें तेल मारावयास सांगितलें होतें, तें आम्हीं मारलें होतें. "एकदम सोडवूं नकोस," ते म्हणाले. "आधीं किंचित् आवळ, गंजाची पकड सुटूं दे, मग उलटा फिरव. तरी न ऐकेल तर ऊब दे." पहिले बोल्ट या रीतीनें निमूटपणें निघाले. मग आम्हांस घाई झाली. शेवटच्यास आम्हीं लांब दांड्याचा पाना लावून सगळा भार टाकला. कट् असा आवाज झाला आणि बोल्टाचें डोकें आमच्या छातीवर पडलें. धड आंत, चासीला जोडलेल्या नटांतच राहिलें.

संध्याकाळ झाली होती. नवा बंपर इतर बोल्टांवर बसत होता आणि हलवून पाहिला तर हालतहि नव्हता. आम्हीं म्हटलें, "अण्णा, एकानें काय होतें? सहलीनंतर पाहूं." सौभाग्यवतींनाहि तें पटल्यासारखें दिसलें; दुसऱ्या दिवशीं अजून सर्व काम व्हावयाचें होतें.

अण्णांनीं तें मोडकें डोकें उचलून वाटींत ठेवलें. "मग मी येत नाहीं," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही दोघें जा. एक बोल्ट कमी असलेली गाडी मीं कधीं डेपोबाहेर सोडली नाहीं. तींत बसणारहि नाहीं."

प्रवास ज्यांच्यासाठीं, तेच असें म्हणाल्यावर बोलणें खुंटलें. रात्रीं नऊ वाजतां आम्ही पुन्हां गाडीखालीं शिरलों. मोडक्या बोल्टाच्या बरोबर मध्यावर खूण ठोकली, आधीं बारीक मग जाड असें भोंक पाडलें, त्यांत उलट्या आट्यांचा पोलादी खुंटा बसवून हळूहळू फिरविला. दोनदां तो निसटला. तिसऱ्या खेपेस बोल्टाचें धड रडत-कुरकुरत बाहेर आलें. नटाचे आटे पुन्हां साफ पाडून घेईतों मध्यरात्र उलटली. सौभाग्यवती दिवा धरून होत्या. अण्णा शाल पांघरून खुर्चींत बसून होते, झोपावयास गेले नाहींत.

रविवारचें काम त्या मानानें आनंदाचें होतें. दोघांनीं मिळून बंपर उचलला आणि अण्णांनीं बोल्ट हातानें लावले. आधीं सर्व सैल, मग समोरासमोरचे आळीपाळीनें आवळावयाचे, आणि शेवटीं जोर मोजणाऱ्या पान्यानें पत्रकांत सांगितल्याइतके. खुंटावरच्या बेअरिंगांत ग्रीस भरणें ही तर कलाच आहे. वरचा नट फार आवळला तर बाहू जड फिरतो, सैल ठेवला तर लटपटतो. अण्णांनीं एका बोटानें बाहू ढकलून, मग टोंक धरून हिसका देऊन तीन वेळां परीक्षा घेतली. स्टेपनीमागें उंचावर असलेला ब्रेकचा तिसरा दिवा येथें कायद्यानें लागतो. त्याची तार आखूड पडली, ती जोडून लांब केली. नंबरची पाटीहि नव्या जागीं दिव्यासह हलविली.

सर्व झाल्यावर आम्हीं मोठ्या ऐटीनें कडी सोडली. आमच्या दारापुढील जागा उतरती आहे, हें ध्यानांत राहिलें नव्हतें. चाकासह बाहू आपणहून धांवला आणि आमच्या कोपरावर आदळला. उघडा बाहू जागीं धरून ठेवणारी खीळ वाटींतच होती! सूनबाई आणि सासरे यांनीं मिळून जें हास्य केलें त्याचें वर्णन करण्याचें कारण नाहीं.

ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही पुन्हां शेफरच्या उतारावर होतों. करकर नव्हती. अण्णांनीं खिडकीची कांच खालीं करून ठेवली होती. वळणें तशींच, कडे तसेच. पण या खेपेस ते बोलत होते. हे आडवे थर सह्याद्रीसारखे दिसतात, पण तो कातळ लाव्ह्याचा व हा वाळूचा. वरंध घाटांत दरड कोठें यावयाची, येथें कोठें येईल, असें चाललें होतें. मसलमन कमानीपाशीं ते कड्यापासून दहा पावलांवर थांबले आणि बराच वेळ खालच्या दरींत पाहत राहिले. रात्रीं गूजबेरीच्या मुक्कामीं थंडी कडाक्याची पडली. चूल पेटविण्यास तेथें मनाई आहे, म्हणून गॅसच्या शेगडीवर पिठलें-भात केला.

दुसऱ्या दिवशीं मर्फी हॉगबॅक नांवाचा चढ लागण्यापूर्वीं एका धारदार दगडानें उजव्या मागच्या टायरची बगल चिरली. असलें भोंक बुजवितां येत नाहीं. वाटेच्या कडेस काळसर खवल्यांची एक जिवंत माती असते, तिच्यावर पाऊल पडलें तर ती पुन्हां जमण्यास वर्षानुवर्षें लागतात. म्हणून सर्व हालचाल रस्त्यावरच करावी लागली. खीळ लावून बाहू उघडला, जॅकखालीं फळी घातली, स्टेपनी चढविली. तासाभरांत काम झालें. अवघड गेलें तें चिरलेलें चाक परत बाहूवर टांगणें. तें फुटलें म्हणून हलकें होत नाहीं. सौभाग्यवती व आम्ही मिळून तें गुडघ्यावर, मग छातीवर घेतलें. अण्णांना आम्हीं हात लावूं दिला नाहीं. त्यांनीं नट मात्र स्वतः आवळले, समोरासमोरचे, आळीपाळीनें.

पुढें सुमारें 55 मैल आमच्याजवळ स्टेपनी नव्हती. हार्डस्क्रॅबलचा चढ आम्ही अशा गतीनें चढलों कीं पायीं चालणारा सहज पुढें गेला असता. प्रत्येक दगड पाहून चाक टाकीत होतों, आणि वाफसलेल्या हातांना चक्र निसटूं नये म्हणून तें पुनःपुन्हां पुसावें लागत होतें. अण्णा मागें बसून ग्रीन नदीकांठच्या पिवळ्या पडलेल्या झाडांकडे पाहत होते. मिनरल बॉटमचीं वळणें चढून पठारावर आलों तेव्हां सूर्य मावळत होता.

मोआबांत पेट्रोल भरतांना पत्रकाप्रमाणें बंपरचे बोल्ट पुन्हां तपासले. दोन बोल्ट पाव फेरा आवळले गेले. मध्यरात्रीं बसविलेला तो एक मुळींच हालला नाहीं. आम्हीं तें अण्णांस सांगितलें. "हालणार नाहींच," असें म्हणून त्यांनीं चहा कोठें मिळेल, तें विचारलें.