दोन मग काळी माती

मराठीच्या वर्गात 'माती' हा शब्द आम्ही किती वेळा वापरला असेल, याची गणती नाही. 'या कथेला मातीचा वास आहे', 'ही कविता इथल्या मातीत रुजलेली आहे', 'लेखकाची नाळ मातीशी जोडलेली आहे' अशी वाक्ये फळ्यावर लिहिली, विद्यार्थ्यांनी ती उतरवून घेतली आणि उत्तरपत्रिकांतून आम्हांला इमानाने परत केली. माती म्हणजे नेमके काय, हे मात्र त्यांनी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. ते सांगण्याची वेळ आली ती वर्गात नव्हे, पुण्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरील गॅलरीत. निमित्त होते मिरचीच्या दोन रोपांचे.

लातूरजवळची आमची दोन एकर जमीन २०१९ साली विकली गेली. 'विकली गेली' हा कर्मणी प्रयोग सोयीचा आहे. खरे म्हणजे ती आम्ही विकली. वडील आदल्या वर्षी गेले होते, धाकटा भाऊ औरंगाबादेत नोकरीला, आम्ही पुण्यात, आणि आई एकटी. व्यवहाराच्या दृष्टीने निर्णय बरोबरच होता. आईने सही केली, काही बोलली नाही. घरातले सामान टेम्पोत चढवताना मात्र तिने एक सिमेंटची गोणी पुढे केली. ती गोणी काळ्या मातीने भरलेली होती. "ही बी न्यायची," एवढेच ती म्हणाली. शिवाय जुन्या लुगड्याच्या चिंधीत गाठ मारून ठेवलेले मिरचीचे बी होते, घरच्याच मिरचीतून दर साली राखलेले.

पुढच्या जूनमध्ये तिने बी टाकले. सव्वा महिन्याने रोपे वीतभर झाली. आम्ही रंगाच्या वीस लिटरच्या बादलीला तळाशी भोके पाडून दिली आणि तिने ती गोणीतल्या काळ्या मातीने भरली. निम्मी गोणी त्यात गेली. दोन रोपे लावली. पहिला आठवडा बरा गेला. मग पाने पिवळी पडू लागली. पाणी घातले की ते वरच साचून राही. चार दिवस घातले नाही तर माती भेगाळे, बादलीच्या कडेपासून सुटून आत सरके, आणि मग घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली, शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. शेजारच्या काकांनी उपाय सांगितला : तळाशी फुटक्या कौलांचा जाड थर द्या. दिला. रोपे आणखी लवकर मान टाकू लागली.

ज्या मातीत वडिलांनी चाळीस वर्षे मिरची काढली, तीच माती, तेच बी, आणि पाणी घालणारे हातही तेच. मग बिघडले काय? आई म्हणाली, "हितलं पाणी वंगाळ हाय." तिच्या आवाजात तक्रार पाण्याविषयी नव्हती, हे आम्हांला कळत होते.

मग आम्ही नेहमीचे काम केले, म्हणजे वाचन. जे कळले ते असे. आपली काळी माती बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेली. तिच्यातले चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म, पाणी प्याले की फुगणारे, वाळले की आक्रसणारे. शेतात हा तिचा गुण ठरतो. मोठ्या खोलीवर पसरलेली माती वरचे पाणी खाली ओढून घेते, धरून ठेवते आणि पाऊस गेल्यावरही पीक जगवते. बादलीत मात्र ही खोली वीतभराने संपते. तळाशी भोके असली तरी पाणी लगेच बाहेर पडत नाही. मातीच्या बारीक छिद्रांची पकड त्याला धरून ठेवते आणि तळाचा काही भाग कायम चिंब राहतो. छिद्रे जितकी बारीक, तितका हा चिंब थर जाड. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. तिथे ती मिळत नाही आणि मुळे गुदमरून कुजतात. कौलांच्या थराने काय केले, हेही कळले. बारीक छिद्रांतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पुरती भिजल्याशिवाय ते खाली जातच नाही. म्हणजे चिंब थर होता तेवढाच राहिला, फक्त वर सरकला, आणि मुळांची जागा तेवढी कमी झाली. भोकावर माती गळू नये म्हणून एखादी खापरी ठेवावी, त्याहून अधिक काही नाही.

हे आईला कसे सांगावे? भांडी घासण्याचा नवा स्पंज घेतला, पाण्यात बुडवला आणि आडवा धरला. पाणी ठिबकले, मग थांबले. तोच स्पंज न पिळता उभा केला. पुन्हा पाण्याची धार लागली. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. आईने तो आमच्या हातून घेतला, स्वतः दोनदा करून पाहिला आणि म्हणाली, "म्हंजी मातीत खोट न्हाई. तिला जागा पुरंना."

इतक्या वर्षांच्या अध्यापनात इतके नेमके विधान आम्हांला एखाद्या कृतीविषयी करता आले असेल की नाही, शंका आहे.

पुढचा प्रश्न मिश्रणाचा. रोपवाटिकेतून कोकोपीटची पाच किलोची वीट आणली. ती पाण्यात फुगून घंगाळभर झाली. नारळाच्या काथ्याच्या या भुशात क्षार असतात, म्हणून तीन पाण्यांनी धुऊन पिळून घेतली. गांडूळखत आणले. इमारतीच्या मागे पडलेल्या विटा फोडून हरभऱ्याएवढे तुकडे केले, चाळून धूळ काढून टाकली. ती धूळ राहिली तर छिद्रे पुन्हा बुजतात. मोजायला लिटरचा मग घेतला. एका बादलीला आठ मग कोकोपीट, चार मग गांडूळखत, चार मग विटांचे तुकडे, दोन मग काळी माती आणि मूठभर निंबोळी पेंड. काथ्या पाणी धरतो, विटा हवेला वाट ठेवतात, खत पोसते. मग काळ्या मातीचे काम काय? तिचे सूक्ष्म कण खतातली द्रव्ये धरून ठेवतात, नाहीतर ती रोजच्या पाण्याबरोबर वाहून जातात. दोन मग पुरे. अधिक घातली तर पुन्हा तीच बादली.

आईला हे प्रमाण मान्य होईना. "अठरा मगात दोन मग आपली. मंग ती आपली माती कशी म्हनायची?"

उत्तर आमच्याकडे नव्हते. खरे तर हा प्रश्न आमच्याच विषयातला. भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेल्या देशीवादावर आम्ही दरवर्षी चार तास बोलतो. किती मिसळले तरी आपले आपले राहते आणि कुठे ते परके होते, यावर चर्चासत्रांतून वाद घातले आहेत. त्या वादात मिरचीचा दाखला कधी सुचला नाही, याचे आता नवल वाटते. ठेच्याइतके मराठी दुसरे काय असेल? पण मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती इकडे आली. १२९० साली ज्ञानेश्वरी लिहिली गेली तेव्हा या भूमीत मिरचीचे एकही झाड नव्हते. तिखटासाठी मिरी होती. पाहुणीला नावही त्या मिरीवरूनच मिळाले. आज तिला कोणी पाहुणी म्हणत नाही. हे सारे आम्ही आईला सांगितले नाही. ज्याने जमीन विकली त्याने 'सगळेच कुठून ना कुठून आलेले असते' असे म्हणणे शोभले नसते. विचार खरा असला तरी तो आमच्या फार सोयीचा होता.

तोड आईनेच काढली. उरलेल्या रोपांतली दोन नव्या मिश्रणात लावली, जुनी बादली शेजारी तशीच ठेवली. मूठ दाबून पाहण्याची खूण तिची तिलाच सापडली : ओले मिश्रण मुठीत दाबले की गोळा व्हावा, बोटाने टोचला की मोडावा. काळ्या मातीचा गोळा मोडत नव्हता.

सप्टेंबर सरता सरता जुन्या बादलीतली रोपे गेली. उपटली तेव्हा मुळे तपकिरी, मऊ आणि आंबूस वासाची होती. नव्या बादलीत दोनदा फूल गळले, एकदा पाने चुरडली, तरी ऑक्टोबरात मिरच्या लागल्या. लसूण, मीठ घालून आईने खलबत्त्यात ठेचा केला. आम्ही विचारले, "कशी आहे?" "तिखट हाय," ती म्हणाली. 'आपल्यासारखीच' असे ती म्हणेल, म्हणून आम्ही थांबलो होतो. ती म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून परतलो तेव्हा गॅलरीत वर्तमानपत्रे पसरलेली होती. जुन्या बादलीतली काळी माती तिने वाळवली होती, ढेकळे फोडली होती, कौलांचे तुकडे वेचून बाजूला केले होते. आता ती मगाने मोजून परत गोणीत भरत होती. आधीची आणि ही मिळून बत्तीस मग भरले.

"वरसाला दोन बादल्या," ती म्हणाली, "म्हंजी चार मग. किती सालं झाली?"

"आठ."

तिने क्षणभर हिशेब केला. तेव्हा तिचे वय चौऱ्याहत्तर होते.

"पुरंल," ती म्हणाली आणि गोणीचे तोंड बांधायला सुतळी मागितली.