एक गाळलेलें अक्षर

वसतिगृहांत येऊन आम्हांस पंधराच दिवस झाले होते. इंग्रजी सुधारावें म्हणून घरीं पत्र त्याच भाषेंत लिहावें, अशी वडिलांची आज्ञा. ‘येथें थोडे मित्र मिळाले’ असें कळवावयाचें होतें; कोशांत पाहून आम्हीं ‘फ्यू’ हा शब्द योजिला. पुढच्याच रविवारीं तीर्थरूप दादा लाडवांचा डबा घेऊन दारांत उभे! मुलगा एकटा पडला, ह्या काळजीनें आईस झोप नव्हती. आम्ही तर चौघां सोबत्यांसह मैदानावर खेळत होतों.

उलगडा मास्तरांनीं केला. नुसतें ‘फ्यू’ म्हणजे ‘थोडेच, जवळजवळ नाहींतच’. ‘अ फ्यू’ म्हणजे ‘थोडे तरी आहेत’. हा शब्द मोजतां येणाऱ्या वस्तूंचा. दूध-पाण्यास ‘लिट्ल’, पण नियम तोच. ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे तर पुष्कळ! आणि ‘दि फ्यू’ हें नांव सन १९४० मध्यें इंग्लंडचें आकाश राखणाऱ्या मूठभर वैमानिकांचें. चर्चिल यांच्या त्या वर्षींच्या भाषणापासून तें रूढ झालें.

आपल्या मराठींत हेंच काम ‘च’ आणि ‘तरी’ करितात. मित्र चारच असोत. त्यांस ‘थोडेच’ म्हणावें कीं ‘थोडे तरी’, हें ज्याच्या त्याच्या मनावर आहे.

त्या दिवशीं लाडू आम्हीं पांचांनीं वांटून खाल्ले. तेव्हांपासून तें एक अक्षर आम्हीं कधीं गाळलें नाहीं.