आमची बाग व रस्त्याचा गलबला

शहरांत राहणाऱ्या मनुष्याच्या वांट्यास जमीन थोडी येते, आणि जी येते तिच्यावरहि त्याची संपूर्ण सत्ता चालत नाहीं. कुंपणाच्या आंतील माती त्याची असली तरी कुंपणावरून येणारा आवाज साऱ्या शहराचा असतो. ही गोष्ट मला आमच्या घरापुढील लहानशा बागेनें शिकविली. ती शिकण्यास मला पांच वर्षें लागलीं व त्यांपैकीं तीन वर्षें चुका करण्यांत गेलीं. त्या चुकांचा उपयोग आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस व्हावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहें.

आमचें घर पुण्यांतील एका वाहत्या रस्त्याला लागून आहे. माझे वडीलहि शिक्षकच होते. शाळा सुटली म्हणजे ते बागेंत काम करीत, आणि दिवेलागणीला फाटकाजवळच्या बकुळीखालीं लांकडी बाकावर बसत. ती बकुळ माझ्या आईनें लाविलेली. त्याच बाकावर मी मुळाक्षरें गिरविलीं व पाढे पाठ केले. पुढें आई वारली. रस्ताहि रुंद झाला. रुंदीकरणांत बागेची पुढची पट्टी गेली आणि बकुळीखालचा बाक वाहनांपासून अवघ्या पांच मीटरांवर आला. त्याच सुमारास वडिलांचें ऐकणें मंद होऊन त्यांना श्रवणयंत्र घ्यावें लागलें.

ज्यांच्या घरीं असें यंत्र आहे त्यांस त्याची अडचण सांगावयास नको. तें मुलाचा आवाज मोठा करितें, आणि रिक्षाचा भोंगाहि मोठा करितें. घरांत बाबांना बरें ऐकूं येई. पण बाकावर जाऊन बसले कीं दोन मिनिटांत यंत्र कानांतून काढून खिशांत ठेवीत. यंत्र खिशांत गेलें म्हणजे आमचें बोलणेंहि खिशांत गेलें. शेजारीं शेजारीं बसून आम्ही दोघे रस्त्याकडे पाहात राहावें, असा तो क्रम पडून गेला होता.

मग 2020 सालचा मार्च महिना आला. टाळेबंदी झाली व एका रात्रींत रस्ता ओस पडला. बाहेर साथीचें मोठें संकट होतें. त्या दिवसांची आठवण कोणासहि गोड वाटणार नाहीं. तथापि एका सकाळीं बाबा बाकावर बसले असतांना मला हातानें खुणावून म्हणाले, "अरे, दयाळ बोलतोय!" यंत्र त्यांच्या कानांत होतें. कित्येक वर्षांनीं त्यांनीं आपल्या बागेंतला पक्षी ऐकला. त्या दोन महिन्यांत आम्ही जितकें बोललों तितकें मागील दहा वर्षांत बोललों नसूं. पुढें टाळेबंदी उठली, वाहनें परत आलीं, आणि एके दिवशीं यंत्र पुन्हां खिशांत गेलें. त्या दिवशीं मीं ठरविलें कीं या आवाजाचा कांहीं तरी बंदोबस्त केलाच पाहिजे.

माझी पहिली समजूत तीच होती जी बहुतेकांची असते. झाडें लावलीं म्हणजे आवाज अडतो, असें मीं गृहीत धरिलें. जुन्या जाळीदार भिंतीच्या आंतून मेंदीची दुहेरी रांग लाविली. तिच्यामागें कण्हेर लाविली. तीन वर्षें पाणी घातलें, छाटणी केली. कुंपण डोक्याच्या वर गेलें, दृष्टीस रस्ता दिसेनासा झाला, व मी मोठ्या अभिमानानें बाबांना म्हणालों, "आतां पाहा!" ते बसले, यंत्र कानांत घातलें, थोड्या वेळानें काढलें. मग मला वाईट वाटूं नये म्हणून म्हणाले, "झाडें छान आलीं आहेत रे. पण रस्ता तेथेंच आहे."

माझी निराशा पाहून आमच्या शाळेंतील पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांनीं मला एक धडा दिला. तो येथें थोडक्यांत देतों. आवाज म्हणजे हवेंतून जाणारी लाट. तिचा वेग सेकंदास सुमारें 340 मीटर. मालमोटारीची घरघर सेकंदास 100 कंपनांची धरिली तर तिच्या एका लाटेची लांबी सुमारें साडेतीन मीटर भरते. मेंदीचें पान तें केवढें! नदीच्या काठीं उभ्या असलेल्या लव्हाळ्यानें पूर अडत नाहीं. तो लव्हाळ्यांतून निघून जातो, तशीच ही लाट पानांतून निघून जाते. उंच स्वराच्या, आंखूड लाटांस पानें थोडींशीं विखरतात, इतकेंच. आवाज उतरविण्याजोगें रान हवें असेल तर तें सुमारें साठ मीटर रुंद, दाट व जमिनीपासून शेंड्यापर्यंत पानांनीं भरलेलें असावें लागतें. तेव्हां कोठें 10 डेसिबलांची उतार पडते, म्हणजे कानास आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. आमची सारी बाग लांबीनें पंधरा मीटर. माझ्या दोन रांगांनीं काय होणार होतें!

यावरून जीं कामें आम्हीं केलीं तीं क्रमानें सांगतों.

पहिलें काम अंतराचें. वाहता रस्ता हा आवाजाचा एक लांब पट्टाच असतो. त्यापासून आपण दुप्पट दूर गेलों म्हणजे आवाज सुमारें 3 डेसिबलांनीं कमी होतो. यास पैसा लागत नाहीं, फक्त बाक हलवावा लागतो. परंतु आमच्या घरीं तेंच सर्वांत कठीण ठरलें. त्याविषयीं पुढें सांगेन.

दुसरें काम भिंतीचें. आवाज अडविते ती भरीव व जड वस्तु. भिंत इतकी उंच हवी कीं बाकावर बसलेल्या मनुष्यास वाहन दिसूं नये. दृष्टीची रेघ तुटली कीं सुमारें 5 डेसिबल उतरतात, व उंची वाढेल तसे आणखी थोडे. आवाज भिंतीच्या माथ्यावरून वळून आंत येतोच, म्हणून पूर्ण शांतता कधीं मिळत नाहीं. भिंत आवाजाच्या उगमाजवळ किंवा ऐकणाऱ्याजवळ असावी. दोहोंच्या मधोमध ती सर्वांत कमी कामाची. मुख्य गोष्ट ही कीं तिला भोंक नसावें. जेथून वारा येतो तेथून आवाज येतो. आमच्या जुन्या भिंतीची नक्षीदार जाळी व गजांचें फाटक हीं दोन्ही आवाजास उघडीं दारेंच होतीं. जाळी काढून विटांचें भरीव बांधकाम केलें, महानगरपालिकेच्या नियमांत बसेल तेवढीच उंची घेतली, आणि फाटकास आंतून जाड फळ्या ठोकल्या. पाया खणतांना बकुळीचें एक मोठें मूळ आडवें आलें. गवंडी तें तोडणार होता. पण बाबा स्वतः येऊन उभे राहिले, तेव्हां मुळावरून दगडी तुळई टाकून काम पुढें नेलें.

तिसरें काम बसण्याची जागा खोल करण्याचें. मनुष्य जितका खालीं बसेल तितका तो भिंतीच्या छायेंत अधिक येतो. म्हणून नव्या जागीं दोन फूट माती काढिली व ती भिंतीच्या पायथ्याशीं उतरती रचिली. पायऱ्या न करितां उतार केला, कारण बाबांना काठी घेऊन उतरावयाचें होतें. पहिल्याच पावसाळ्यांत या खोलगट जागेचें डबकें झालें, व बेडकांनीं रस्त्यासहि लाजविलें! मग खडी भरून गटार काढावें लागलें. तें आधींच करावें, हा माझा अनुभवाचा सल्ला.

चौथें काम कठीण पृष्ठभाग कमी करण्याचें. फरशी व गुळगुळीत गिलावा आवाज परत फेकतात. भुसभुशीत माती, गवत व पालापाचोळा त्याचा कांहीं अंश गिळतात. अंगणांतील शहाबादी फरशी आम्हीं चालण्यापुरती ठेविली, बाकीची उचलून तेथें हिरवळ केली, व घराच्या भिंतीवर मधुमालती चढविली.

पांचवें काम पाण्याचें. न्यूयॉर्क शहरांत 53व्या रस्त्यावर पेली पार्क नांवाची एक चिमुकली बाग 1967 सालीं उघडली. उंच इमारतींच्या मध्यें असलेल्या तिच्या मागच्या बाजूस वीस फूट उंचीच्या भिंतीवरून पाणी पडत असतें, आणि त्या धबधब्याच्या नादांत रस्त्याचा गोंगाट बुडून जातो. तिची माहिती वाचून मींहि हौसेनें एक लहान पन्हळ बांधून पंप लाविला. बाबांनीं यंत्र घातलें, क्षणभर ऐकलें व म्हणाले, "अरे, एक आवाज बंद करायला तूं दुसरा लावलास!" त्यांचें म्हणणें खरें होतें. पाणी रस्त्याचा आवाज कमी करीत नाहीं. त्याच्यावर दुसरा, कानास गोड लागणारा आवाज पांघरतें. निरोगी कानास ती पांघरूण सुखावह होते, पण यंत्रास दोन्ही आवाज सारखेच. तेव्हां पन्हळ बाकापासून दूर, भिंतीकडे नेली, धार बारीक केली, आणि पाणी दगडावर न पडतां शेवाळलेल्या कौलावरून ओघळेल असें केलें. आतां तें ऐकूं येतें, पण बोलण्याच्या आड येत नाहीं.

मग झाडें व्यर्थ ठरलीं काय? मुळींच नाहीं. झाडाकडून भिंतीचें काम मागणें, ही माझी चूक होती. भिंत उभी राहिल्यावर त्याच मेंदीनें व कण्हेरीनें तिचें ओकेंबोकें रूप झांकलें. वाहन डोळ्यांआड झालें म्हणजे मन त्याची वाट पाहात नाहीं, आणि तोच आवाज कमी टोंचतो. मुळांच्या आश्रयानें माती भुसभुशीत राहते. वाऱ्यानें पानें सळसळतात, तीहि एक प्रकारची पांघरूणच. शिवाय पक्षी येतात. शहरांतील गोंगाटाचा त्यांसहि जाच होतो. हॉलंडमधील लायडन शहरांत टिट जातीच्या चिमुकल्या पक्ष्यांचें निरीक्षण करून 2003 सालीं शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, जेथें गोंगाट अधिक तेथें हे पक्षी अधिक उंच स्वरांत गातात. बोलणें पोंचावें म्हणून धडपडणारे आम्ही दोघेच नव्हतों तर!

आतां बाकाविषयीं. नवी जागा घराच्या कोपऱ्याआड, रस्त्यापासून दहा मीटरांवर होती. बकुळ मात्र फाटकाजवळच राहणार. बाबा ऐकेनात. "बकुळ तेथें आणि मी येथें?" एवढेंच म्हणत. मीं आग्रह सोडून दिला. भिंत पुरी झाल्यावर एका संध्याकाळीं नव्या जागीं नुसत्या दोन खुर्च्या मांडून त्यांना घेऊन गेलों, व नेहमींच्या आवाजांत शाळेंतील एक गंमत सांगितली. ते हंसले. मला ती पुन्हां सांगावी लागली नाहीं. कांहीं वेळ ते स्वस्थ बसले. मग म्हणाले, "तुझी आई मला हांक मारायची ती स्वयंपाकघरांतून, झाडाखालून नव्हे. बाक येथेंच येऊं दे." दुसऱ्या दिवशीं बाक हलविला. हंगामांत ते रोज सकाळीं बकुळीखालचीं फुलें वेंचून आणतात व बाकाच्या हातावर ठेवितात.

एवढ्या खटपटीनें झालें किती? मोबाइलवरील मापकाचे आंकडे फारसे काटेकोर नसतात. तरी पूर्वीच्या बाकावरील व आतांच्या बाकावरील आवाजांत आठ-नऊ डेसिबलांचें अंतर दिसतें. रस्ता अजून ऐकूं येतो. मोठा भोंगा वाजला म्हणजे बोलणें थांबवावें लागतें. परंतु यंत्र खिशांत जात नाहीं, आणि आमचें मागणें तेवढेंच होतें.

विद्यार्थिमित्रहो, भिंत बांधणें सर्वांस शक्य नाहीं. ज्यांच्या घरास गॅलरीहि नाहीं अशीं कुटुंबें तुमच्यांतच पुष्कळ आहेत. म्हणून आवाजाचा खरा बंदोबस्त त्याच्या उगमाशींच झाला पाहिजे. आपल्या देशाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत दिवसा 55 डेसिबलांची मर्यादा आहे. शाळा, रुग्णालयें व न्यायालयें यांच्या सभोंवारचा 100 मीटरांपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरवितां येतो व तेथें दिवसा 50 आणि रात्रीं 40 ही मर्यादा असते. नियम कागदावर आहे. भोंग्यावरचा अंगठा आपला आहे. उद्यां तुम्ही वाहन चालवूं लागाल, तेव्हां एखाद्या भिंतीपलीकडे कोणी वृद्ध कानांत यंत्र घालून आपल्या माणसाचें बोलणें ऐकण्याचा प्रयत्न करीत असेल, हें ध्यानांत असूं द्या.

आणि एक गुपित सांगून टाकतों. हल्लीं संध्याकाळीं मी तुमचे निबंध त्या बाकावर बसून तपासतों, व तपासतांना मोठ्यानें वाचतों. बाबा ऐकतात, मध्येंच थांबवितात, शब्द दुरुस्त करितात. एखादा निबंध त्यांना आवडला कीं, "हा पुन्हां वाच," असें म्हणतात. ज्यांच्या वहींत समासांत बकुळीच्या फुलाचा तपकिरी डाग दिसेल, त्यांनीं समजावें कीं त्यांचा निबंध दोनदां वाचला गेला.